ताट वेगळं, खिडकी बंद: टीबीच्या रुग्णानं घरी नेमकं काय जपायचं?

टीबीचं निदान झालं की घरातली पहिली हालचाल बहुधा स्वयंपाकघरात होते. रुग्णाचं ताट-वाटी वेगळी निघते, पेल्यावर खूण केली जाते, टॉवेल दुसऱ्या दोरीवर जातो. मग रुग्णाला आतल्या खोलीत हलवतात आणि गार वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतात. यामागची काळजी खरी असते, फक्त ती चुकीच्या जागी खर्च होते. ताटातून टीबी पसरत नाही. तो पसरतो त्या बंद खोलीतल्या हवेतून.

रुग्णांना काही माहीत नसतं असं मुळीच नाही. 'जंतूंमुळे होतो, खोकल्यातून पसरतो, औषधं पूर्ण करायची' एवढं बहुतेकांना तोंडपाठ असतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नांवर. रात्री खोली कशी ठेवता? बेडका कुठे टाकता? काल गोळ्या राहिल्या, मग आज काय केलं? हा लेख त्या पुढच्या प्रश्नांसाठी आहे. गोळ्या किती आणि कोणत्या हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. गोळी घेतल्यानंतर उरलेला दिवस कसा काढायचा, ते इथे पाहू.

आधी हवेचं प्रकरण समजून घ्या

क्षयाचा जंतू सापडल्याचं जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. जंतू सापडला, पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो याचा ठोस पुरावा मिळायला विसाव्या शतकाचं मध्य उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबी वॉर्डमधली हवा नळांतून वर ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. हे प्राणी कुठल्याही रुग्णाच्या जवळ गेले नव्हते, त्यांच्यात आणि रुग्णांत सामाईक होती ती फक्त हवा. तरी त्यांच्यातल्या काहींना टीबीचा संसर्ग झाला. दुसऱ्या गटाला तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली. तो गट वाचला.

फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो किंवा गातो तेव्हा तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, त्यांचं भय नाही. बारीक थेंब हवेतच वाळतात आणि त्यांचे साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात. हे कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात, सिगारेट विझल्यावरही वास रेंगाळावा तसे. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी ते तिथेच असतात. फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचण्याइतके लहान असतात तेही हेच. जमिनीवर, कपड्यांवर किंवा भांड्यांवर बसलेला जंतू पुन्हा तसा बारीक होऊन हवेत उडत नाही. म्हणून हात मिळवणं, एका ताटात जेवणं, एकच संडास वापरणं यातून टीबी होत नाही.

आणखी दोन गोष्टी इथेच स्पष्ट करून घ्या. पहिली म्हणजे टीबी फुप्फुसाबाहेरही होतो: गाठींचा, हाडांचा, मेंदूच्या आवरणाचा. फक्त असा टीबी असेल आणि फुप्फुस किंवा स्वरयंत्र मोकळं असेल, तर तो सहसा पसरत नाही. तेव्हा 'माझा टीबी कुठला?' हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. पुढची अर्धी भीती या एका उत्तरावर ठरते. दुसरी गोष्ट, संसर्ग आणि आजार वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी या जंतूचा संसर्ग झालेला आहे. त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, तंबाखू आणि दारू यांमुळे हा धोका वाढतो.

बेडका नीट द्या

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, रात्री कपडे ओले होतील इतका घाम, वजन उतरणं, भूक जाणं, थुंकीतून रक्त. यातलं काहीही असलं तर तपासणी करायचीच. खोकल्याची बाटली बदलत बसू नका. निदान व्हायच्या आधीचे आठवडे हाच टीबी पसरण्याचा खरा हंगाम असतो.

तपासणीचं सगळं यश त्या छोट्या डबीत काय जातं यावर आहे. बरेच जण डबीत लाळ देतात. लाळ पातळ, फेसाळ आणि पारदर्शक असते, त्यात जंतू सहसा सापडत नाहीत आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. हवा असतो तो छातीतून आलेला बेडका: घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढरट. त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, दर वेळी क्षणभर रोखा, मग पोटातून जोर लावून खोका आणि आलेला बेडका डबीत टाका. चमचाभर पुरतो. हे उघड्यावर किंवा खिडकीशी, कोणी समोर नसताना करायचं. संडासात कोंडून घेऊन करू नका, ती घरातली सगळ्यात बंद जागा आणि तुमच्यानंतर तिथे दुसरं कोणीतरी जाणार असतं.

सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी जुनी आणि अजूनही उपयोगाची आहे. पण जंतूचा जनुकीय अंश शोधणारी मशीनवरची तपासणी जास्त संवेदनशील आहे. तिला सुमारे दोन तास लागतात, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देणार की नाही हेही ती सांगते. उपलब्ध असेल तर ती मागून घ्या.

आता घर: उदबत्ती लावून पाहा

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलं, तर हे करा.

रुग्ण जिथे झोपतो तिथे उशाशी एक उदबत्ती पेटवून धरा. पंखा बंद ठेवा, खिडक्या-दारं नेहमी असतात तशीच राहू द्या. धूर सरळ वर जाऊन तिथेच घुटमळत असेल, तर रात्रभर खोकल्यातून निघालेली हवाही तिथेच घुटमळते. धूर एका बाजूला ओढला जात असेल तर कुठे जातो ते बघा. खिडकीतून बाहेर जात असेल तर उत्तम. दारातून आतल्या खोलीकडे, जिथे मुलं झोपतात तिकडे वळत असेल, तर पलंगाची जागा चुकली आहे. आता समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार उघडून पुन्हा पाहा. समोरासमोर दोन उघड्या जागा असल्या की हवा किती पटकन हलते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की खिडकी उघडी ठेवायला कोणी सांगावं लागत नाही.

मग पलंग हलवा. रुग्ण खिडकीच्या बाजूला आणि बाकीचे वारा जिथून येतो त्या बाजूला, अशी मांडणी हवी. वाऱ्यानं आधी निरोग्यांकडून जावं, मग रुग्णाकडून आणि मग थेट बाहेर. एकच खिडकी असेल तर टेबल-फॅन तिच्याजवळ, तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवा, म्हणजे तो आतली हवा बाहेर फेकेल. खिडक्या बंद असताना छताचा पंखा लावला तर तो तीच हवा खोलीभर ढवळतो. घरगुती एसीचंही बहुतेक तसंच असतं, हवा गार होते पण बदलत नाही.

थंडी किंवा पाऊस असेल तर? रुग्णाला पांघरूण वाढवा, खिडकी किमान फटीएवढी उघडी ठेवा आणि दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ सगळं सताड उघडा. सूर्यप्रकाश थेट आत येत असेल तर येऊ द्या, उन्हातल्या अतिनील किरणांनी हा जंतू मरतो. काचेतून हे किरण फारसे येत नाहीत, तेव्हा काचही सरकवा.

स्वतंत्र खोली नसेल तर घाबरायचं कारण नाही. पहिले काही आठवडे रुग्णानं त्यातल्या त्यात मोकळ्या जागेत झोपावं, लहान मुलांना शेजारी घेऊ नये आणि दिवसाचा जमेल तेवढा वेळ बाहेर काढावा. उघड्यावर कण पांगून जातात. पाहुण्यांशी गप्पा मारायच्याच असतील तर त्या घराबाहेर मारा.

खोकला, मास्क, थुंकी

खोकताना तोंड झाकायचं हे सगळ्यांना माहीत असतं. करताना मात्र हात पुढे येतो, तो झाकत कमी आणि थेंब बोटांमधून सोडत जास्त. रुमाल, टिश्यू किंवा कोपराचा बाक वापरा आणि तोंड माणसांपासून वळवा.

रुग्णाला साधा सर्जिकल मास्क पुरतो. त्याचं काम थेंब उगमाशीच अडवणं. ओला झाला की बदला. पुढे प्लास्टिकची गोल झडप असलेला मास्क रुग्णानं वापरू नये, त्या झडपेतून सोडलेला श्वास न गाळता बाहेर पडतो. शुश्रूषा करणाऱ्यासाठी गोष्ट उलटी आहे. त्याला बारीक कण आत येण्यापासून थांबवायचे असतात, तिथे साधा मास्क अपुरा पडतो आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो. घरात सगळ्यांनी चोवीस तास तो लावून फिरायची गरज नाही. औषधांना दाद न देणारा टीबी असेल, किंवा उपचार नुकते सुरू झाले असताना बंद जागेत जवळ बसावं लागत असेल, तेव्हा तो लावा. रुग्ण मोकळ्या हवेच्या खोलीत एकटा असेल तर मास्क काढून ठेवावा, नाहीतर कंटाळून तो नेमका गरजेच्या वेळी, बसमध्ये किंवा दवाखान्याच्या रांगेत, काढला जातो.

थुंकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवा, त्यात थोडं जंतुनाशक घाला, रोज संडासात ओतून भरपूर पाणी सोडा आणि हात धुवा. टिश्यू पिशवीत बांधून कचऱ्यात. भांडी आणि कपडे नेहमीच्या साबणानं, सगळ्यांच्या बरोबरच धुवा. भांडी उकळत बसण्यात जाणारा वेळ गोळ्यांची आठवण ठेवण्यात घालवा.

गोळ्या हाच सर्वांत मोठा प्रतिबंध

प्रतिबंध म्हटलं की मास्क आठवतो. पण औषध लागू पडलं की रुग्णाची संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्यानं घटते. जंतू औषधांना दाद देत असतील तर साधारण दोन आठवड्यांत ती खूपच कमी झालेली असते. तेव्हा घरच्यांना वाचवणारी पहिली वस्तू म्हणजे रुग्णानं गिळलेली गोळी.

नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं, पुढचे चार महिने त्यांतली दोन किंवा काही ठिकाणी तीन. लवकर वाढणारे जंतू पहिल्या आठवड्यांत मरतात, म्हणून ताप उतरतो, खोकला थांबतो, भूक लागते. याच टप्प्यावर माणसं औषध सोडतात. कारण अज्ञान असेलच असं नाही. बरं वाटतंय, कामावर जायचंय, गोळ्यांनी मळमळतं, मग कशाला? पण सुस्तावलेले थोडे जंतू अजून शिल्लक असतात आणि पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. मध्येच सोडल्यास आजार उलटतो, आणि उलटताना औषधांना न जुमानणारा होऊन येऊ शकतो. मग उपचार आणखी अवघड, काही वेळा आणखी लांब.

रोज एकच वेळ ठरवा. शक्यतो उपाशीपोटी. त्यानं मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून हलक्या खाण्याबरोबर घ्या, पण चुकवू नका. आम्लपित्ताचं औषध घेत असाल तर त्याचं वेळापत्रक विचारून घ्या, काही अँटासिडमुळे आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. कॅलेंडरवर खूण गोळी गिळल्यानंतर करा, पाकिटातून काढल्यावर नाही. 'काढून ठेवली होती, मग फोन आला' हा डोस चुकण्याचा अगदी नेहमीचा प्रकार आहे. डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवला तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवला तर दुप्पट घेऊ नका, नेहमीचा डोस घ्या आणि उपचार केंद्राला कळवा. सलग काही दिवस राहिले असतील तर लपवू नका. तिथे पुढचं वेळापत्रक बदलावं लागू शकतं आणि ते केवळ तुमच्या सांगण्यावरून ठरतं. प्रवासाला निघताना दिवस मोजून, त्यावर थोड्या जास्त गोळ्या घ्या.

आता दुष्परिणाम. इथे रुग्णाला आधी सांगून ठेवलं नाही तर औषध हमखास बंद पडतं. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी-लाल होते, घाम आणि अश्रूही रंगतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतात. हे रक्त नव्हे, घाबरू नका. हात-पायांना मुंग्या आल्या तर कारण बहुधा आयसोनियाझिड, त्यावर जीवनसत्त्व ब-६ देतात. सांधे दुखले तर पायराझिनामाइड. हे सगळं पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. डोळे पिवळे दिसणं, लघवी चहासारखी गडद होणं, सतत उलट्या, अन्नावरची वासनाच उडणं, पोटात उजवीकडे वर दुखणं ही यकृताची तक्रार असू शकते. औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दिसायला धूसर झालं किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेना झाला तर इथॅम्ब्युटॉलचा संशय घ्यायचा आणि तसंच ताबडतोब दाखवायचं. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, त्याच अंतरावरून तेच छापील पान वाचून पाहा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचा बिघाड दुसरा झाकून टाकतो. दारू या काळात पूर्ण बंद. गर्भनिरोधक गोळ्या रिफाम्पिसिनमुळे निकामी ठरू शकतात, दुसरा उपाय लागतो. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि एचआयव्हीच्या औषधांवरही त्याचा परिणाम होतो, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. डोस वजनावर ठरतो, आणि वजन वाढणं ही उपचार लागू पडल्याची घरी दिसणारी चांगली खूण आहे. पोषणाला मी आधी दुय्यम मुद्दा समजत असे, पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या मोठ्या अभ्यासानंतर तसं म्हणता येत नाही. रुग्णांच्या घरच्यांना वाढीव शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे पुरेसं, प्रथिनयुक्त जेवण रुग्णाइतकंच बाकीच्यांनाही हवं. घरातलं चांगलंचुंगलं एकट्या रुग्णाच्या ताटात वाढून भागत नाही.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

एका घरात राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती सर्वांत आधी, कारण लहान मुलांत संसर्गाचा आजार लवकर होतो आणि तो गंभीर असू शकतो. 'त्याला खोकला नाही' म्हणून मुलाला वगळू नका. मुलांमध्ये वजन न वाढणं किंवा खेळायला नको म्हणणं एवढंच लक्षण असू शकतं. 'बीसीजी दिलीय' हेही कारण पुरेसं नाही. १९२१ पासून वापरात असलेली ही लस लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि शरीरभर पसरलेल्या टीबीपासून चांगलं संरक्षण देते, मोठेपणी फुप्फुसाचा टीबी रोखण्याची खात्री तिच्यात नाही.

आजार नाही असं ठरल्यावर प्रतिबंधक औषध देता येतं: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड-रिफापेंटिन असे एकूण १२ डोस. क्रम महत्त्वाचा, आधी आजार नाही याची खात्री, मग प्रतिबंधक गोळ्या. रुग्णाच्या पाकिटातल्या दोन-चार गोळ्या 'खबरदारी म्हणून' घरच्यांनी खाणं हा शुद्ध घातक प्रकार आहे. आई रुग्ण असेल तर उपचार सुरू ठेवून स्तनपान चालू ठेवता येतं, दुधातून टीबी जात नाही. पाजताना मास्क लावायचा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवायचं.

किती दिवस वेगळं राहायचं?

पूर्वी क्षयरोग्याला घरापासून दूर, डोंगरावरच्या आरोग्यधामात पाठवत. असं दूर पाठवायलाच हवं ही समजूत मोडली ती मद्रासमधल्या अभ्यासानं. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांत तीच औषधं दिली. घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त प्रमाणात टीबी झाल्याचंही दिसलं नाही. व्हायची ती लागण बहुतांशी निदानाआधीच होऊन गेलेली असते.

म्हणून वेगळं राहणं हे आठवड्यांचं प्रकरण आहे, महिन्यांचं नाही. सर्वसाधारणपणे दोन आठवडे नियमित औषध झालं, खोकला कमी झाला आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही की कामावर, शाळेत, माणसांत जाता येतं. औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर तारीख डॉक्टर ठरवतील. ताट तर कधीच वेगळं नको होतं. त्यातून संसर्ग टळत नाही, उलट रुग्णाला रोज दोन वेळा आठवण करून दिली जाते की तू आमच्यातला नाहीस. असा माणूस पुढे गोळ्या लपून घेतो, पाहुणे आले की डोस पुढे ढकलतो आणि एक दिवस घेतच नाही. घरातल्या एकाला तरी रोजच्या गोळीचा साक्षीदार करा, शेजारी बसून, पोलिसी न करता.

तपासण्या आणि नंतर

दोन महिन्यांनी आणि उपचाराच्या शेवटी थुंकी पुन्हा तपासतात. खोकला थांबल्यामुळे तेव्हा बेडका पडत नाही आणि रुग्ण तपासणी टाळतात. वर सांगितलेल्या पद्धतीनं प्रयत्न करून पाहा, तरी नाही पडला तर तसं सांगा. दोन महिन्यांनंतरही जंतू दिसले तर औषधं खरंच पोटात जातात का, आणि जंतू त्यांना दाद देतोय का, हे दोन्ही तपासावं लागतं.

बरं झाल्यावर एक्स-रेमध्ये व्रण राहू शकतो. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे छातीचा फोटो काढला तर तो डाग पाहून पुन्हा टीबीची औषधं सुरू होण्याची शक्यता असते. म्हणून उपचाराचं कार्ड, थुंकीचे रिपोर्ट आणि शेवटचा एक्स-रे जपून ठेवा, आणि नव्या डॉक्टरला जुन्या फिल्मशी ताडून पाहायला सांगा. एकदा टीबी झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं. पहिली दोन वर्षं खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, ताप रेंगाळला किंवा वजन उतरलं तर कार्ड घेऊन त्याच केंद्रात जा आणि आधी बेडका तपासायला द्या.